नसेवरची गाठ साधी की कॅन्सरची? स्कॅनमध्ये नेमकं काय बघायचं

मुचकुंदी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात एमआरआय आता पूर्वीसारखा दुर्मिळ राहिलेला नाही. पण नसेवरच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये शेवटी एकच ओळ असते: 'नर्व्ह शीथ ट्यूमर असावा, क्लिनिकली पडताळून बघावं.' एवढ्यावरून पुढे काय करायचं हे गावातल्या डॉक्टरलाही कळत नाही आणि पेशंटच्या घरच्यांनाही नाही. म्हणून हा धागा. इथे रेडिओलॉजी, ऑर्थो, पॅथॉलॉजी, न्यूक्लिअर मेडिसिन अशी सगळीकडची मंडळी आहेत, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या बाजूचं लिहावं.

आधी गाठी कोणत्या ते बघू. नसेच्या आवरणातल्या गाठींमध्ये मुख्य तीन. श्वानोमा आणि न्यूरोफायब्रोमा या दोन साध्या, आणि एमपीएनएसटी (मॅलिग्नंट पेरिफेरल नर्व्ह शीथ ट्यूमर) ही कॅन्सरची, सार्कोमाच्या, म्हणजे मऊ ऊतींच्या कॅन्सरच्या कुळातली. एमपीएनएसटी तशी विरळ. मात्र त्यातल्या साधारण निम्म्या गाठी एनएफ-१ असलेल्यांमध्ये होतात. एनएफ-१ (न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १) म्हणजे फॉन रेकलिंगहाउझेनने १८८२ मध्ये वर्णन केलेला आनुवंशिक आजार, सुमारे ३००० माणसांत एकाला असणारा. या लोकांना आयुष्यभरात एमपीएनएसटी होण्याचा धोका ८ ते १३ टक्के धरतात. थोड्या गाठी पूर्वी रेडिएशन दिलेल्या जागी येतात, बाकीच्या कोणत्याही कारणाशिवाय.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. स्कॅन कॅन्सर सिद्ध करत नाही. स्कॅनने तीन वाटांपैकी एक ठरते: गाठीला हात लावायचा नाही, तिच्यावर लक्ष ठेवायचं, किंवा तुकडा काढून तपासायचा. साधेपणाची खूण दिसली तर तिला वजन द्यायचं. ती दिसली नाही म्हणून गाठ कॅन्सरची ठरत नाही. रिपोर्ट वाचताना सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

टी-२ चित्रात (एमआरआयचं पाणी पांढरं दाखवणारं चित्र) गाठीचा मध्य काळपट आणि कडा पांढरी दिसली की ती 'टार्गेट साइन'. मध्यभागी तंतुमय ऊती असते, भोवती पाणीदार मिक्सॉइड ऊती. कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं, चित्र उजळवणारं औषध) दिल्यावर बहुतेकदा हाच मध्य उजळतो. ही खूण न्यूरोफायब्रोमात जास्त सापडते, श्वानोमातही सापडते, आणि एमपीएनएसटीमध्ये क्वचितच. दुसरी खूण फॅसिकलची: आडव्या छेदात आतल्या तंतूंचे जुडगे बारीक ठिपक्यांसारखे वेगळे दिसतात. तिसरी 'स्प्लिट फॅट', म्हणजे नसेभोवतीची चरबी गाठीच्या दोन्ही टोकांना पातळ पांढऱ्या कडीसारखी शाबूत राहते. ती फॅट-सॅट (चरबीचा उजेड दाबणं) नसलेल्या टी-१ वरच (चरबी पांढरी दाखवणारं चित्र) दिसते. नुसती फॅट-सॅट चित्रं काढली तर ही खूण आपणच पुसून टाकलेली असते.

दर्यावर्दी

वेळेवर धागा काढलात मॅडम. दापोली-हर्णैच्या पट्ट्यात प्रॅक्टिस करणाऱ्यांच्या वतीने एक विचारतो. गाठ हाताला लागते, दाबली की झिणझिण्या येतात. आमच्याकडे फक्त सोनोग्राफीचं मशीन. तिच्यात काय शोधायचं, आणि कुणाला त्याच दिवशी पुढे पाठवायचं?

सुरंगी

सोनोग्राफीचं मी सांगते. साध्या पोटाच्या प्रोबने हे काम होत नाही. लिनियर प्रोब हवा, १० मेगाहर्ट्झच्या वरचा. हाताच्या पंज्यात, मनगटात गाठ असेल तर १५-१८ चा मिळाला तर उत्तम.

आधी गाठ शोधायची नाही, नस शोधायची. कोपराजवळची गाठ असेल तर अल्नर नस मनगटापासून आडव्या छेदात धरायची आणि वर वर सरकायचं. नस गाठीत शिरताना आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडताना दिसली की निम्मं निदान तिथेच झालं. मग प्रोब उभा करून बघायचं: नस गाठीच्या एका कडेने जाते की थेट मध्यात शिरते? कडेने जात असेल तर श्वानोमाकडे कल, मध्यात शिरत असेल तर न्यूरोफायब्रोमाकडे. नस बारीक असेल तर हा फरक करता येत नाही, तिथे ओढून-ताणून लिहू नये.

या गाठी काळपट दिसतात आणि त्यांच्या मागे आवाजलहरींचा उजेड वाढतो. त्यामुळे घाईत 'गँगलियन सिस्ट' असं लिहिलं जातं. कलर डॉपलर लावा. आत रक्तप्रवाह दिसला तर ती सिस्ट नव्हे. मानेत आणि काखेत हीच गाठ लसिकाग्रंथी समजली जाते. लसिकाग्रंथीला चरबीचं हायलम (रक्तवाहिन्या शिरतात ती खाच) असतं, नसेच्या गाठीला नसतं. ग्रंथी समजून एफएनएसीची (पेशी काढून तपासायची बारीक) सुई टोचली आणि पेशंटला बोटांपर्यंत करंट गेला, तर सुई काढा आणि पुन्हा टोचू नका.

हाताने तपासताना एक सोपी गोष्ट: नसेवरची गाठ आडवी हलते, नसेच्या लांबीच्या दिशेने हलत नाही.

त्याच दिवशी पुढे पाठवायचे ते हे: विश्रांतीतही आणि रात्री झोपमोड करणारं दुखणं, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झपाट्याने वाढलेली गाठ, आधी मऊ असलेली आणि आता टणक झालेली गाठ, हातापायाची नवी कमजोरी. एनएफ-१ च्या पेशंटमध्ये यातलं एकही लक्षण पुरे आहे. त्याने 'गाठी तर लहानपणापासूनच आहेत' म्हटलं तरी थांबू नका.

करूळघाट

सुरंगीताईंच्या यादीत एक भर घाला. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा स्नायूंच्या पडद्याखाली खोल असलेली कोणतीही गाठ, दुखत असो वा नसो, एमआरआयशिवाय कापायची नाही. 'चरबीची गाठ आहे, भूल देऊन दहा मिनिटांत काढू' असं म्हणून उघडलेल्या गाठी पुढे सार्कोमा निघाल्या की आधीच्या ऑपरेशनमध्ये जिथपर्यंत हात आणि रक्त पोचलं तो सगळा भाग खराब झाला असं धरावं लागतं. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये तो सगळा काढावा लागतो. पाय वाचवता आला असता तिथे तो वाचवणं कठीण होतं. साधा श्वानोमाही असा घाईने 'मुळापासून' काढला तर गाठीसोबत चांगली नस कापली जाते. तो नसेच्या तंतूंना बाजूला सारून, लूप (डोळ्यावर लावायचं भिंग) किंवा मायक्रोस्कोपखाली सोलून काढायचा असतो.

वाशिष्ठी_काठ

एमआरआयच्या कन्सोलवर बसणाऱ्यांसाठी लिहितो. चित्रं धड आली नाहीत तर वर लिहिलेलं काहीही दिसत नाही.

गाठीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला कातडीवर कॉड लिव्हर ऑइलची किंवा व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटपट्टीने लावा, म्हणजे चित्रात गाठीची जागा कळते. बरोबर गाठीच्या माथ्यावर लावून पट्टी आवळू नका, वरवरची गाठ चपटी होते आणि तिची कडा बिघडते. कॉइल (भागाभोवती लावायचा, सिग्नल पकडणारा अँटेना) लहानात लहान निवडा. मनगटाच्या गाठीला बॉडी कॉइल वापरली तर आतले तंतू कधीच दिसणार नाहीत. छेदाची जाडी ३ ते ४ मिमी, त्याहून जाड नको.

क्रम असा ठेवतो. फॅट-सॅट नसलेला टी-१ आडव्या छेदात. टी-२ फॅट-सॅट किंवा स्टिर (हेही चरबी दाबून पाणी दाखवणारं चित्र) आडव्या छेदात. मग नसेच्या लांबीला समांतर एक टी-१ आणि एक स्टिर. ही दिशा शरीराच्या सरळ रेषेत ठेवायची नाही, ती नस जशी तिरकी जाते तशी फिरवून घ्यायची. त्यानंतर डिफ्युजन (ऊतीत पाणी किती मोकळं फिरतं ते दाखवणारं चित्र), बी-व्हॅल्यू (त्याच्या तीव्रतेची सेटिंग) ५०, ४०० आणि ८००. कॉन्ट्रास्ट सगळ्यात शेवटी. कॉन्ट्रास्टच्या आधी आणि नंतर एकच टी-१ फॅट-सॅट, एकही सेटिंग न बदलता काढा. मग वजाबाकीचं चित्र बनतं आणि आधीपासून पांढरं दिसणारं जुनं रक्त 'उजळलं' असं वाटत नाही.

डिफ्युजन खराब होण्याचं मुख्य कारण म्हणजे भाग चुंबकाच्या मध्यापासून लांब असतो. हात शरीराच्या बाजूला ठेवला की तो बोअरच्या (मशीनच्या बोगद्याच्या) कडेला जातो, तिथे फॅट सॅच्युरेशन फसतं आणि चित्र वाकडं येतं. पेशंटला पालथं झोपवून हात डोक्यावर घेतला तर भाग मध्यावर येतो. वयस्कर माणसाला ते झेपत नाही. मग त्याला टेबलाच्या एका कडेला सरकवून झोपवा, हात मध्याच्या जमेल तितका जवळ येतो.

कोकणापुरती एक खबरदारी. चिरेखाणीत मशीनवर काम करणारे, होड्यांच्या कारखान्यात वेल्डिंग-ग्राइंडिंग करणारे पेशंट आपल्याकडे बरेच. त्यांना 'शरीरात लोखंड आहे का' विचारलं तर नाही म्हणतात. 'डोळ्यात कधी कण गेला होता का, डॉक्टरकडून काढून घ्यावा लागला होता का' असं विचारा. उत्तर हो असेल तर आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे, मग एमआरआय.

दर्यावर्दी

कॉन्ट्रास्ट प्रत्येकाला लागतोच का? घरच्यांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो.

मुचकुंदी

लागतोच असं नाही. मनगटावरची २ सेंटिमीटरची गाठ, दोन्ही टोकांना नस स्पष्ट, टी-२ वर टार्गेट, डिफ्युजनमध्ये पाणी मोकळेपणाने फिरतंय, आणि वर्षानुवर्षं तशीच. इथे मी कॉन्ट्रास्टशिवाय थांबते. पण गाठ मोठी, खोल किंवा आतून विस्कळीत असेल तर तो टाळू नये, कारण उजळण्याची पद्धत तिथे फार उपयोगी पडते. नेहमीचा डोस ०.१ मिलिमोल प्रति किलो, म्हणजे अर्ध्या मोलर द्रावणाचे ०.२ मिली प्रति किलो. ६० किलोच्या माणसाला १२ मिली. त्याआधी क्रिएटिनिन बघा. ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ३० च्या खाली असेल तर नेफ्रॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय देऊ नये. गरोदरपणात देत नाहीत.

आता संशयाच्या खुणा. एमआरआयवर चार गोष्टी मोजायच्या: गाठीचा सर्वांत मोठा व्यास, फक्त कडेने उजळणं, गाठीबाहेरच्या ऊतींत सुजेसारखा पांढुरका पट्टा, आणि गाठीच्या आत पोकळ्या. चारांपैकी दोन किंवा जास्त असतील तर एमपीएनएसटीचा संशय बळावतो. या निकषाची विशिष्टता (साध्या गाठी साध्या म्हणून ओळखणं) ९० टक्क्यांच्या आसपास आहे, पण संवेदनशीलता (कॅन्सरच्या गाठी पकडणं) ६० च्या आसपासच. चारपैकी दोन जुळल्या तर गंभीरपणे घ्या. जुळल्या नाहीत म्हणून पेशंटला निश्चिंत करून घरी पाठवू नका.

डिफ्युजनचं बघताना एडीसी (पाणी किती मोकळं फिरतं त्याचा आकडा) नकाशावर सरासरी काढत बसू नका, सर्वांत कमी किंमत शोधा. कॅन्सर गाठीच्या एका कोपऱ्यात असू शकतो, सरासरीत तो झाकला जातो. सर्वांत कमी एडीसी १.० गुणिले दहाचा उणे तिसरा घात चौरस मिमी प्रति सेकंद, किंवा त्याखाली गेला तर संशय धरतात. बरीच यंत्रं हा आकडा हजारात दाखवतात, तिथे १००० वाचा. मोजायचं वर्तुळ घन, उजळणाऱ्या भागातच ठेवायचं. रक्तस्राव झालेल्या किंवा कॅल्शियम जमलेल्या जागी एडीसी खोटाच कमी येतो. म्हणून शेजारी कॉन्ट्रास्टआधीचा टी-१ आणि ग्रेडियंट एको (जुनं रक्त आणि कॅल्शियम काळं दाखवणारं चित्र) उघडा ठेवून मोजायचं. उलटंही होतं: मिक्सॉइड भाग जास्त असलेल्या कॅन्सरच्या गाठीत आकडा फसवा जास्त येतो.

काचपट्टी

'एन्शंट श्वानोमा'चं नाव घ्यायला हवं. ही वर्षानुवर्षं अंगात राहिलेली साधी गाठ. आत पोकळ्या, जुनं रक्त, कॅल्शियम, विस्कळीत चित्र, सगळं कॅन्सरसारखं. सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा पेशींची केंद्रकं वेडीवाकडी दिसतात, फक्त विभाजन दिसत नाही. स्कॅनवर हिला ओळखायचा आधार म्हणजे स्पष्ट कॅप्सूल, एका कडेने जाणारी नस आणि भोवती सूज नसणं. तरी शंका राहिली तर तुकडा घ्यावाच लागतो.

अणुरेणू

पेटचं (किरणोत्सारी साखर अंगात कुठे साचते ते दाखवणारा स्कॅन) लिहितो, कारण पेटबद्दलचा गैरसमज एमआरआयपेक्षा मोठा आहे.

एनएफ-१ नसलेल्या माणसात एकटी गाठ पेटवर पेटली, तर तिचा अर्थ फार मर्यादित आहे. साध्या श्वानोमात एफडीजी (तीच किरणोत्सारी साखर) भरपूर जाऊ शकतं, एसयूव्ही (ते किती साचलं त्याचा आकडा) ६ च्या वरही. श्वानोमा आणि एमपीएनएसटी यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. त्यामुळे 'पेट पॉझिटिव्ह, म्हणजे कॅन्सर' हे इथे लागू होत नाही. कोलनच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठी केलेल्या पेटमध्ये मणक्याजवळ एखादा ठिपका दिसला की मेटास्टेसिस (पसरलेला कॅन्सर) लिहिण्याआधी तिथून नस निघते का ते बघावं.

एनएफ-१ मध्ये गोष्ट वेगळी. अंगात डझनभर गाठी आहेत, त्यातली कोणती बिघडतेय हे शोधायला पेटसारखं साधन नाही. तिथे सर्वसाधारण मापं अशी: एसयूव्हीमॅक्स (गाठीतला सर्वांत जास्त एसयूव्ही) २.५ च्या खाली तर साधी असण्याची शक्यता मोठी, ३.५ च्या वर तर तुकडा घेण्याचा विचार, मधलं सगळं धूसर. धूसर पट्ट्यात लक्षणं आणि एमआरआय यांवर निर्णय. काही केंद्रं ४ तासांनी पुन्हा चित्र घेतात, कारण कॅन्सरच्या गाठीत एफडीजी वेळेबरोबर साचत जातं. गाठ आणि यकृत यांचं गुणोत्तर काढलं, तर दोन केंद्रांच्या आकड्यांतला फरक थोडा सावरला जातो. १.५ च्या वर गेलं तर संशय.

एसयूव्हीचा आकडा मशीनवर, साखरेवर आणि इंजेक्शननंतरच्या वेळेवर हलतो. ६० मिनिटांच्या चित्राची ९० मिनिटांच्या चित्राशी तुलना करून 'वाढलं' म्हणू नये.

दर्यावर्दी

पेटला इथून मुंबईला किंवा पुण्याला पाठवावं लागतं. पेशंटला निघताना काय सांगायचं?

अणुरेणू

औषध लांब का नेता येत नाही ते आधी सांगतो. एफडीजीतल्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं. सायक्लोट्रॉनपासून (ते बनवणाऱ्या यंत्रापासून) साडेपाच तास लांब नेलं तर आठवा हिस्सा उरतो. म्हणून पेशंटनेच प्रवास करायचा.

आदल्या दिवशी शेताचं, बागेचं, जाळी ओढायचं काम नको. कष्ट केलेले स्नायू एफडीजी ओढतात, आणि गाठ मांडीच्या स्नायूत असेल तर चित्र झाकोळतं. शक्य असेल तर आदल्या दिवशीच पोचून मुक्काम करा. रात्रभर एसटीत बसून सकाळी सामान उचलत थेट सेंटरवर जाऊ नये. किमान ६ तास उपाशी, फक्त साधं पाणी. घाटात गाडी थांबली की घेतलेला साखरेचा चहा, ग्लुकोज बिस्किट, शहाळं, या सगळ्याने उपास मोडतो. डायबेटिस असेल तर सेंटरला आधी फोन करून गोळ्या-इन्सुलिनची वेळ ठरवून घ्या. साखर २०० च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी तपासणी पुढे ढकलतात, आणि रत्नागिरीहून गेलेल्याचा तो दिवस वाया जातो. एसीच्या खोलीत थंडी वाजू देऊ नका, शाल बरोबर ठेवा. थंडीने मान-खांद्यातली तपकिरी चरबी पेटते आणि ब्रेकियल प्लेक्ससची (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याची) गाठ तिच्यात हरवते.

आधीच्या एमआरआयची सीडी घेऊन जा. नुसती फिल्म नको, फिल्मवर एडीसी मोजता येत नाही.

सुरंगी

आपल्या भागासाठी एक फार महत्त्वाचं राहिलं: कुष्ठरोग. जाड झालेली अल्नर नस, मानेवरची ग्रेट ऑरिक्युलर, गुडघ्यामागून फिरणारी कॉमन पेरोनियल. यांना 'ट्यूमर' म्हणून पाठवलं जातं.

कुष्ठरोगात सहसा एक गोल गाठ नसते. नस लांबवर जाड होते आणि कोपरात सगळ्यात जास्त जाडी हाडाच्या उंचवट्याच्या थोडी वर असते. आतल्या तंतूंची ठेवण पुसली जाते. रिअ‍ॅक्शन (कुष्ठरोगातली दाहाची उसळी) चालू असेल तर डॉपलरवर नसेच्या आत रक्तप्रवाह दिसतो, जो निरोगी नसेत दिसत नाही. दुसऱ्या हाताची तीच नस आणि इतर ठिकाणच्या नसा लगेच बघायच्या. कातडीवर फिकट, बधिर चट्टा आहे का, भुवया विरळ झाल्यात का, हे दिव्याखाली नीट पाहा.

खरी अडचण नसेतल्या गळवाची. त्यात कडेने उजळणं, मध्ये पोकळी, भोवती सूज. म्हणजे मुचकुंदी मॅडमच्या चारपैकी तीन खुणा तिथेच भरल्या! वर पुवामुळे एडीसीही कमी. इथे फरक असा करायचा: गळवात कमी एडीसी न उजळणाऱ्या मधल्या भागात असतो, कॅन्सरच्या गाठीत तो उजळणाऱ्या घन भागात असतो. आणि गळवाच्या वर-खाली नस लांबपर्यंत जाड असते. हे न तपासता सार्कोमा समजून रुंद ऑपरेशन केलं तर औषधाने बऱ्या होणाऱ्या आजारात हात लुळा पडेल.

मुचकुंदी

अत्यंत मोलाचं. कोपराच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये 'नस गाठीच्या वर आणि खाली किती सेंटिमीटरपर्यंत जाड आहे' हे एक वाक्य असायलाच हवं.

वाशिष्ठी_काठ

अजून एक. पाय दुखतो म्हणून कमरेचा एमआरआय होतो, त्यात एल-४ एल-५ ची चकती थोडी सरकलेली सापडते, सगळे तिथेच थांबतात. कमरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये सायटिक नस जेमतेम उगमापाशी दिसते, ओटीपोटातला आणि मांडीतला भाग येतच नाही. गाठ नितंबाखाली असेल तर असे तीन एमआरआय केले तरी सापडणार नाही. चकतीची बाजू आणि दुखण्याची बाजू जुळत नसेल, बसल्यावर एका विशिष्ट ठिकाणी टोचत असेल, तर त्याच बैठकीत ओटीपोटापासून मांडीच्या मध्यापर्यंत एक कोरोनल (समोरून दिसणाऱ्या उभ्या छेदाचं) स्टिर जोडा. पाच-सहा मिनिटांचं काम.

फिजिओ_कुडाळ

वाशिष्ठी_काठ यांना दुजोरा. आमच्याकडे सायटिकाचे पेशंट व्यायामाला येतात. स्लम्प टेस्ट (बसवून, वाकवून नस ताणायची तपासणी) नॉर्मल, कंबर हलवून काही फरक नाही, पण नितंबात किंवा मांडीत एकाच बिंदूवर टिचकी मारली की पायात करंट. अशांना व्यायाम चालू ठेवण्याआधी परत डॉक्टरकडे पाठवावं. आणि त्या बिंदूवर जोरात मालिश अजिबात नको, घरच्यांनाही हे बजावून सांगा.

करूळघाट

तुकड्याबद्दल लिहितो. माझं मत, ५ सेंटिमीटरच्या वरच्या प्रत्येक खोल गाठीचा ऑपरेशनआधी तुकडा घ्यावा.

मुचकुंदी

इथे मी सहमत नाही. श्वानोमाच्या सगळ्या खुणा जुळतात, एडीसी १.५ च्या वर, लक्षणं नाहीत, तर ६ सेंटिमीटर असली तरी सुई टोचून नसेला इजा करण्यात काय मिळतं? आकार ही चारपैकी एक खूण आहे, एकटीने निर्णय घ्यायला पुरेशी नाही.

करूळघाट

लक्षणं नसतील आणि काढायचीच नसेल तर मान्य, तिथे लक्ष ठेवू. माझा मुद्दा ऑपरेशन ठरलेल्या गाठीचा. आत जाताना कॅप्सूल सोलायची की भोवतीच्या स्नायूसकट रुंद काढायची, हे टेबलावर ठरवता येत नाही.

तुकडा कुणी घ्यायचा? जो पुढे अंतिम ऑपरेशन करणार आहे त्याच्याशी बोलून, त्याने दाखवलेल्या वाटेनेच. सुईची वाट पुढच्या छेदात काढून टाकता यायला हवी, आणि एकाच कप्प्यातून जायला हवी. सोनोग्राफी किंवा सीटीखाली १४ किंवा १६ गेजची कोअर सुई. पेटवर सर्वांत जास्त पेटलेला किंवा एमआरआयवर एडीसी सर्वांत कमी असलेला घन भाग निवडायचा. मधली पोकळी टोचली तर नुसता मेलेला लगदा येतो आणि रिपोर्ट 'अनिर्णित'. सुई पुढे सरकताना पेशंटला अवयवाच्या टोकापर्यंत कळ गेली तर तिथेच थांबून दिशा बदलायची. म्हणून पूर्ण भूल न देता कातडीपुरती भूल बरी.

काचपट्टी

तुकडे १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रावणात. सलाइनमध्ये दोन दिवस कुरियरने आलेला तुकडा निरुपयोगी असतो. फॉर्मवर तीन गोष्टी हव्यातच: एनएफ-१ आहे की नाही, पूर्वी तिथे रेडिएशन झालंय का, आणि स्कॅनवरून संशय कशाचा आहे. नुसतं 'मांडीची गाठ' लिहून पाठवलं तर आम्ही कुठून सुरुवात करायची?

श्वानोमात एस-१०० आणि सॉक्स-१० (पेशींची ओळख पटवणारे मार्कर) सगळीकडे ठळक लागतात, एमपीएनएसटीमध्ये तुरळक किंवा अजिबात नाही. एच-३-के-२७-एमई-३ हे मार्कर गेलेलं असेल तर एमपीएनएसटीच्या बाजूने वजन पडतं. ते शाबूत असेल तर एमपीएनएसटी नाही, असं मात्र म्हणता येत नाही. साधी आणि कॅन्सरची यांच्या मधली एक पायरीही आहे, २०१७ पासून तिला 'एएनएनयूबीपी' म्हणतात, म्हणजे पुढे कशी वागेल याची खात्री नसलेली न्यूरोफायब्रोमासारखी गाठ. एनएफ-१ च्या मोठ्या प्लेक्सिफॉर्म (नसांच्या फांद्यांतून पसरलेल्या) गाठीत एखादी ३ सेंटिमीटरच्या वरची, टार्गेट नसलेली, स्पष्ट कडेची वेगळी गाठ दिसली तर एमआरआयवाल्यांनी ती स्वतंत्र मोजून लिहावी. ती ही पायरी असू शकते.

दर्यावर्दी

आणि लक्ष ठेवायचं ठरलं तर किती दिवसांनी?

मुचकुंदी

लक्षणं नसलेल्या, सगळ्या साध्या खुणांच्या गाठीला मी ६ महिन्यांनी एक आणि मग वर्षाने एक असा सल्ला देते. दुखणं किंवा कमजोरी आली तर तारखेची वाट बघायची नाही, लगेच या. एनएफ-१ मध्ये १६ ते २० वर्षांच्या दरम्यान एकदा पूर्ण शरीराचा एमआरआय करून आतल्या गाठींचा नकाशा तयार ठेवावा. पुढे कोणती नवी, कोणती वाढली, हे त्याच्यावरूनच कळतं.

तुलना करताना तेच मशीन, तेच छेद, तीच जाडी. एका व्यासात २-३ मिमीचा फरक नुसता छेद तिरका गेल्यानेही येतो. वेड्यावाकड्या प्लेक्सिफॉर्म गाठीत एक व्यास मोजून काहीच कळत नाही, घनफळ काढा. औषधांच्या चाचण्यांमध्ये घनफळ २० टक्के वाढलं तर वाढ धरतात.

करूळघाट

एमपीएनएसटी ठरली तर छातीचा सीटी विसरू नका, ती आधी फुप्फुसात जाते. ऑपरेशननंतर त्या जागेचा पहिला एमआरआय सुमारे ३ महिन्यांनी. त्याआधी टाक्यांची सूज आणि साचलेलं पाणी इतकं असतं की उरलेली गाठ आणि भरून येणारी जखम वेगळी ओळखता येत नाही. त्या एमआरआयलाही ऑपरेशनआधीची सीडी, ऑपरेशनची नोट आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हे तिन्ही बरोबर द्या.